हात वर न करता ऑडी मर्फी बोर्डासमोर

अमेरिकी लष्करात एक शब्द रोज कानावर पडतो, ‘व्हॉलंटोल्ड’. व्हॉलंटियर आणि टोल्ड यांचं कडबोळं. हात तुम्हीच वर करायचा, पण तो कधी करायचा हे वरून ठरून आलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या गाजलेल्या सैनिकाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या सार्जंट ऑडी मर्फी पुरस्काराच्या बोर्डासमोर, म्हणजे वरिष्ठांच्या मुलाखत मंडळासमोर, मी पहिल्यांदा असाच उभा राहिलो, हातात बारा दिवस घेऊन. ग्रीनकार्डवर भरती होऊन सार्जंट झालेल्या कुणावर ही वेळ आली तर निदान कशाला किती वेळ लागतो ते आधी कळावं, म्हणून तारखा आणि खर्चासकट लिहितोय. प्रत्येक तळाचं नियमपत्र थोडं वेगळं असतं, तेव्हा आकडे स्वतःच्या तळावर पडताळून घ्या.

पुरस्कार आहे कॉर्पोरल ते सार्जंट फर्स्ट क्लास या श्रेणींसाठी, म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडच्या नाईक-हवालदार मंडळींसाठी. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट हूडवर तो सुरू झाला आणि १९९४ मध्ये सगळ्या लष्करात पोचला. युनिटमधले लोक याला स्पर्धा म्हणतात, पण पहिला-दुसरा नंबर इथे नसतो. प्रत्येक उमेदवाराला ‘गो’ किंवा ‘नो-गो’. एकाच दिवशी चौघं पास होतात, कधी चारही जण घरी जातात. आधी युनिटच्या पातळीवर बोर्ड, मग तळाचं अंतिम बोर्ड. पास झालात तर निळसर रिबिनीत गळ्यात घालायचं रुपेरी पदक मिळतं.

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५. दुपारची शेवटची फॉर्मेशन, म्हणजे रांगेतली हजेरी, सुटली आणि फर्स्ट सार्जंटनी, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात वरिष्ठ सार्जंटनी, बाजूला घेतलं. ब्रिगेडचं बोर्ड १७ तारखेला होतं. बटालियनने ज्याचं नाव पाठवलं होतं तो स्टाफ सार्जंट गुडघ्यामुळे प्रोफाइलवर, म्हणजे डॉक्टरच्या लेखी सवलतीवर गेला होता. जागा रिकामी दिसायला नको होती. “तुझं पाठांतर चांगलं आहे, तुझं नाव देतोय,” एवढंच म्हणाले. लेखी हुकूम वगैरे काही नाही. पण वार्षिक मूल्यमापनात ही ओळ चांगली दिसेल, कंपनीचा प्रश्न आहे, कमांड सार्जंट मेजरना मी शब्द दिलाय, हे तीन मुद्दे एका दमात आले की नाही म्हणायला जागा कुठे राहते?

जागा असते. त्या दोन मिनिटांत चार गोष्टी विचारायच्या असतात, मी त्यातल्या दोनच विचारल्या. बोर्डाचं लेखी नियमपत्र कुठे आहे आणि माझा स्पॉन्सर, म्हणजे तयारी करून घेणारा, कोण, हे विचारलं. तयारीसाठी कामाच्या वेळेतले किती तास मिळतील आणि तेवढ्यात माझ्या चार जवानांकडे कोण बघेल, हे विचारायचं राहिलं. पहिल्या बोर्डाचा निकाल तिथेच लागला असं मला आता वाटतं. पुढच्या तिमाहीत उभा राहतो असं सांगायचं असेल, तर तेही त्याच क्षणी आणि तारखांसकट सांगा, उदाहरणार्थ: “८ ते ११ रेंजवर गोळीबार, १२ ला वाहनांची तपासणी, माझा टीम लीडर रजेवर.” नुसतं “तयारी नाही” म्हटलं की ते घाबरणं वाटतं. कॅलेंडर दाखवलं की तीच नियोजनाची अडचण होते, आणि नियोजनावर फर्स्ट सार्जंट बोलायला तयार असतो.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. सकाळी बादलीत विसर्जन झालं आणि दुपारी त्याच टेबलावर गणवेश पसरला. बारा दिवसांत सगळ्यात आधी गणवेशाला हात घालायचा. अभ्यास रात्री दोनला करता येतो, शिंपी रात्री दोनला सापडत नाही.

माझी चूक डाव्या बाहीवर निघाली. जवान आणि एनसीओंना (कमिशन नसलेल्या कॉर्पोरल-सार्जंट मंडळींना) दर तीन वर्षांच्या सेवेला बाहीवर एक तिरकी पट्टी असते. ऑगस्टमध्ये माझी सहा वर्षं पुरी झाली होती आणि बाहीवर पट्टी एकच. गेटबाहेरच्या शिंप्याने पाच कामाचे दिवस सांगितले. तातडीचे म्हणून जास्तीचे पंधरा धरून ३८ डॉलर घेतले आणि मंगळवारी कोट दिला. बाकीचं घरीच सहा इंची पोलादी पट्टीने मोजून केलं. पदकांच्या फितींची रांग डाव्या खिशाच्या वर १/८ इंच. नावाची पाटी उजव्या खिशाच्या झाकणावर मधोमध, बटणाचं वरचं टोक आणि खिशाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये. हे अंगात कोट घालून दुसऱ्याकडून मोजून घ्यायचं. टेबलावर सरळ दिसणारी रांग छातीवर चढली की एका बाजूला कलते. बायकोने पट्टी लावून तीनदा “डावीकडे जरा खाली” म्हटलं तेव्हा जमलं. फितींच्या मागच्या पिना सैल असतील तर नव्या घ्या, दोन डॉलरचं काम आहे. सुटे धागे ओढू नका, शिवण उसवते. बारीक कात्रीने बुडाशी कापा.

सोमवारी, ८ तारखेला, नियमपत्र हातात आलं आणि कळलं की कागदांचं पाकीट बुधवारी दुपारी बारापर्यंत ब्रिगेडला पोचायला हवं. म्हणजे बारा दिवस म्हणताना खरे तीनच होते. पाकिटात लागलं ते असं: शिफारसपत्र, एका पानाचा परिचय, सेवानोंदीचा उतारा, फिटनेस चाचणीचं आणि रायफलचं स्कोअरकार्ड, मागची मूल्यमापनं. जून २०२५ पासून फिटनेस चाचणी पाच प्रकारांची आणि ५०० गुणांची झाली आहे. नुसतं पास व्हायला प्रत्येक प्रकारात किमान ६० लागतात, पण या बोर्डाला पास पुरत नाही, तुमच्या तळाने ठरवलेला वरचा आकडा लागतो. रायफलला ४० पैकी ३६ लक्ष्यं पाडली की एक्स्पर्ट. दोन्ही स्कोअरकार्डांवर सही आणि तारीख आहे ना, ते बघा. माझ्या रायफलच्या कार्डावर सही नव्हती आणि सही करणारा अधिकारी बदलून गेला होता. मंगळवारची अख्खी सकाळ ट्रेनिंग ऑफिसच्या दारात गेली.

शिफारसपत्राचं गणित जरा नाजूक आहे. तुमचं काम जवळून पाहिलेल्याने ते लिहायचं असतं. घाईत उभा केलेला उमेदवार असला की जुन्या पत्रातलं नाव बदलून नवं पत्र तयार होतं. माझ्या पत्रात एका ओळीत ‘he’ च्या जागी ‘she’ राहिलं होतं, आधीची उमेदवार बाई होती. पाठवण्याआधी पत्र स्वतः वाचा, संकोच करू नका.

अभ्यासाचं साहित्य फुकट आहे. लष्कराच्या प्रकाशन संकेतस्थळावर सगळे नियम पीडीएफमध्ये मिळतात. मी २४ डॉलर देऊन प्रश्नोत्तरांचं पुस्तक घेतलं, ते निम्मं जुनं निघालं, त्यात फिटनेस चाचणीच जुनी होती. वाचायचं ते एवढं: एनसीओ गाइड, नेतृत्वाचं एडीपी ६-२२, काउन्सेलिंगचं एटीपी ६-२२.१, गणवेशाचं एआर ६७०-१, कमांड पॉलिसीचं एआर ६००-२०, रजेचं एआर ६००-८-१०, कवायतीचं टीसी ३-२१.५. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला वेळ नसतो. नियमाचा क्रमांक, तो कशाबद्दल आहे आणि आपल्या जवानाला तो कधी लागतो, या तीन गोष्टी प्रत्येकाच्या सांगता आल्या तरी पुष्कळ झालं. एनसीओ क्रीड, म्हणजे एनसीओंची प्रतिज्ञा, मात्र अक्षर न् अक्षर पाठ हवं. त्याचे तीन परिच्छेद अनुक्रमे एन, सी आणि ओ या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे गाडी अडली तरी पुढचा परिच्छेद सापडतो. पाढे म्हणून वाढलेल्या माणसाला हा भाग जड जात नाही. फक्त पाढ्याच्या चालीत म्हणू नका, मी म्हणत होतो.

ऑडी मर्फीचं चरित्र विचारतातच. जन्म २० जून १९२५, टेक्सासमधल्या हंट काउंटीत, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणाऱ्यांच्या घरी. बारा भावंडं, बाप घर सोडून गेलेला, आई १९४१ मध्ये वारली. अंगाने किरकोळ म्हणून मरीन्सनी घेतलं नाही, १९४२ मध्ये लष्कराने घेतलं, तेही बहिणीच्या प्रतिज्ञापत्रावर वय वाढवून. म्हणून आर्लिंग्टनच्या थडग्यावर १९२४ कोरलंय आणि बोर्डासमोर १९२५ सांगायचं. शाळेत गुरुजींनी जन्मतारीख १ जून टाकलेल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. तिसऱ्या इन्फन्ट्री डिव्हिजनची पंधरावी रेजिमेंट. २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समधल्या होल्ट्झविरपाशी पेटलेल्या टँक डिस्ट्रॉयरवर चढून तो मशीनगन चालवत राहिला, त्याबद्दल मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं शौर्याचं सर्वोच्च पदक. इथे एक फसवा प्रश्न येतो: त्या दिवशी त्याची रँक काय? सेकंड लेफ्टनंट. ऑक्टोबर १९४४ मध्ये रणांगणावरच कमिशन मिळून तो अधिकारी झाला होता, पण पुरस्कार सार्जंट मर्फीच्या नावाने आहे, कारण तो शिपायापासून एकेक पायरी चढत गेला. मृत्यू २८ मे १९७१, व्हर्जिनियात विमान अपघातात. युद्धानंतर झोप न लागणं, झोपेच्या गोळ्यांची सवय, यावर तो उघडपणे बोलला. हे नुसतं माहीत असून पुरत नाही, कारण पुढचा प्रश्न असा येतो की तुमच्या टीममध्ये झोप न लागणारा कोण आहे?

माझी स्पॉन्सर एक सार्जंट फर्स्ट क्लास होती, स्वतः पदक मिळवलेली. ११ आणि १५ तारखेला तिने मॉक बोर्ड घेतलं. पहिल्यात गणवेश घातला नव्हता, ती चूक. कोट घातला की खुर्चीत बसण्याची पद्धत बदलते, कॉलर वर चढते, हात कुठे ठेवावे कळत नाही. दुसरा मॉक पूर्ण गणवेशात झाला आणि फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. उत्तर शोधताना मी छताकडे बघतो हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं.

दारापासून खुर्चीपर्यंतचं असं बसवलं. एकदाच ठणठणीत टकटक. आत बोलावल्यावर कोपरे काटकोनात घेत अध्यक्षांसमोर थांबायचं, सॅल्यूट करून रिपोर्ट द्यायचा, आणि सॅल्यूट परत मिळेपर्यंत हात खाली आणायचा नाही. अध्यक्ष कमांड सार्जंट मेजर, म्हणजे एनसीओच असतात, तरी बोर्डात सॅल्यूट होतो. डावीकडे, उजवीकडे, मागे वळवून गणवेश पाहतात. बसताना खुर्ची सरकवायची नाही. उत्तराच्या आधी विचारणाऱ्याची रँक, आणि नजर त्याच्याकडेच. उत्तर येत नसेल तर तसं सरळ सांगून कुठल्या नियमात पाहाल तेवढं सांगा. एकदा थाप मारलीत की त्याच धाग्याला धरून आणखी तीन प्रश्न येतात.

आता जे या बारा दिवसांत बिघडलं त्याबद्दल. खालच्या श्रेणीच्या प्रत्येक जवानाशी महिन्यातून एकदा बसून बोलायचं आणि ते डीए फॉर्म ४८५६ वर नोंदवायचं, ही टीम सांभाळणाऱ्याची नेहमीची पद्धत. फॉर्ममध्ये काय बोलणं झालं ते असतं, पुढे काय करायचं ठरलं ते असतं, आणि शेवटी एक भाग असतो: ठरलेल्याचं नंतर काय झालं. तो भाग बहुतेकांचा कोरा असतो, कारण तो त्याच दिवशी भरताच येत नाही, महिन्याने परत बसावं लागतं. माझ्या एका जवानाशी ऑगस्टमध्ये कर्जाबद्दल बोलणं झालं होतं. मोटारीचा हप्ता थकला होता. १० सप्टेंबरला परत बसायचं ठरलं होतं. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत पाकीट द्यायचं होतं. मी त्याला पुढच्या आठवड्यात बसू म्हटलं, तो “रॉजर, सार्जंट” म्हणून गेला.

बुधवार, १७ सप्टेंबर. सहा उमेदवार, मी चौथा. सव्वाआठला पोचलो, नंबर लागला अकरा वाजून दहा मिनिटांनी. इतका वेळ बसलात तर पँटला सुरकुत्या पडतात, म्हणून उभे राहा. पाणी घोट-घोट प्या. लिंट रोलर, जादा पिना आणि रुमाल एकमेकांना द्या-घ्या, इथे कुणी कुणाशी स्पर्धेत नाही.

गणवेश ठीक, परिचय ठीक, क्रीड जरा वेगात पण बिनचूक. मर्फीवर दोन प्रश्न. मग हा: रात्री दोनला तुमच्या जवानाचा फोन येतो, आजी गेली, उद्याच निघायचंय, खात्यात चाळीस डॉलर आहेत. काय कराल?

आपल्या घरात आजी म्हणजे घरातलंच माणूस. रजेच्या नियमात आजी-आजोबा ‘इमर्जन्सी लीव्ह’च्या जवळच्या नात्यांत येत नाहीत. तिनेच आईबापांच्या जागी राहून वाढवलं असेल तरच येतात. मी पाठ केलेलं सगळं सांगितलं: घरच्यांनी रेड क्रॉसला कळवायचं, रेड क्रॉस खात्री करून कमांडला निरोप देतं, रजा मंजूर करतो तो कमांडर, पैशांसाठी आर्मी इमर्जन्सी रिलीफकडून बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान. पण “तुला आजीने वाढवलंय का” हे जवानाला आधी विचारायचं असतं, हे सुचलंच नाही. नियमाची साखळी बरोबर होती, माणूस विचारायचा राहिला. एका सदस्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, “तुमच्या चार जवानांपैकी कुणाला आजी-आजोबांनी वाढवलंय?” मला माहीत नव्हतं. त्यांनी पुढे ‘लीडर्स बुक’ मागितलं, म्हणजे प्रत्येक जवानाची माहिती आणि काउन्सेलिंगचे कागद ठेवायची फाइल. ऑगस्टचा फॉर्म उघडला, शेवटचा कोरा भाग दाखवला. “१० तारखेला काय झालं?”

“सार्जंट मेजर, मी या बोर्डाची तयारी करत होतो.”

खोलीत कुणी हसलं नाही. बारा वाजता निकाल: नो-गो. पाच सदस्य, आमच्याकडे एकमत लागतं. त्या दिवशी एकूण चार नो-गो होते आणि त्यातले तिघं दोन आठवड्यांच्या आतल्या नोटिशीवर आलेले. बोर्ड संपल्यावर अभिप्राय मागायचा हक्क असतो, तो सोडू नका. मला दहा मिनिटं मिळाली, त्यातलं एक वाक्य कामाचं होतं: पाठांतर दोन आठवड्यांत होतं, फाइल दोन आठवड्यांत होत नाही.

मुदत कमी ठेवून उमेदवार उभा करण्यात वरच्यांचं फार नुकसान होत नाही. तक्त्यावर नाव लागतं, नो-गो आला तर “अनुभव मिळाला” म्हणतात. भरपाई खालच्या चार जणांना करावी लागते. त्या बारा दिवसांत मी दोनदा संध्याकाळची हजेरी टीम लीडरवर सोडली, एक काउन्सेलिंग चुकवलं आणि वाहनांची तपासणी नुसती सही करून उरकली. जवानांची काळजी घेण्याबद्दलचा पुरस्कार आहे हा.

संध्याकाळी फर्स्ट सार्जंटना स्वतःहून भेटलो, कुरकुर न करता. डिसेंबरच्या बोर्डाला उभं राहायचंय, त्यासाठी आजपासून वेळ हवा, असं सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले, मग हो म्हणाले. हे तोंडी ठेवू नका. मी त्याच रात्री ईमेलने तारखा लिहून पाठवल्या: मॉक कधी, पाकीट कधी, आणि कुठल्या चार दुपारी मी उपलब्ध नाही, कारण त्या जवानांच्या बैठकींच्या आहेत.

पुढचे तीन महिने सांगण्यासारखं नाट्य काही नाही. दर महिन्याला चार बैठका, प्रत्येकी साधारण चाळीस मिनिटं, आणि बैठक संपायच्या आधीच पुढच्या महिन्याची तारीख फोनमध्ये. हप्ता थकलेल्या जवानाला तळाच्या आर्थिक सल्लागाराकडे घेऊन गेलो. पाठवलं नाही, सोबत गेलो, कारण एकदा पाठवलं होतं तेव्हा तो गेला नव्हता. आणि चौघांत एकाला खरंच आजोबांनी वाढवलेलं निघालं.

१० डिसेंबरला ब्रिगेडचं बोर्ड पार पडलं, १८ फेब्रुवारी २०२६ ला तळाचं. अंतिम बोर्डात चाळीस मिनिटांपैकी मर्फीवर तीनच गेली. बाकीचं सगळं फाइल उघडून, पान पान. दोन्ही खेपांचा मिळून खर्च १२१ डॉलर: शिंपी ३८, ते निरुपयोगी पुस्तक २४, ड्रायक्लीनिंग तीनदा २७, केस कापणं दोनदा ३२. पोलादी पट्टी आधीपासून घरात होती.

मार्चमध्ये पदक घेतलं त्या आठवड्यात फर्स्ट सार्जंटनी विचारलं, माझ्या प्लाटूनमधून पुढच्या बोर्डाला कुणाचं नाव देऊ? एका सार्जंटचं नाव माझ्या डोक्यात होतं. बोर्डाला तेरा दिवस होते. तिची रेंजची तारीख दाखवली आणि जूनच्या यादीत नाव घाला म्हटलं. त्यांनी घातलं.